फिनमार्कची विमानं: पंचाहत्तर हजार माणसं, अकरा विमानतळ आणि आठशे मीटरची धावपट्टी

उत्तरवारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नॉर्वे म्हटलं की इथे फ्योर्ड, नॉर्दर्न लाइट्स आणि महागाई यांच्यावर भरपूर लिहून झालंय. मला आज त्या देशाच्या अगदी वरच्या टोकाबद्दल, फिनमार्कबद्दल लिहायचंय, आणि तेसुद्धा तिथल्या विमानांबद्दल. मी ट्रोम्सोला राहतो. कामानिमित्त पूर्वेकडे जाणं-येणं असतं, त्यामुळे ही छोटी विमानं आणि त्यातली माणसं बरीच पाहिली आहेत.

फिनमार्क क्षेत्रफळाने डेन्मार्कपेक्षा मोठा आहे आणि वस्ती पंचाहत्तर हजारांच्या आसपास. एवढ्या माणसांसाठी नियमित प्रवासी विमान उतरतं अशी ठिकाणं किती? अकरा. आल्टा, लाकसेल्व, किर्केनेस, हामरफेस्ट, हासविक, होनिंग्सवोग, मेहाम्न, बेर्लेवोग, बोट्सफ्योर्ड, वार्डो, वाड्सो. पहिल्या तिघांच्या धावपट्ट्या लांब, तिथे ऑस्लोहून थेट जेट येतं. ही तिन्ही १९६३ मध्ये प्रवासी वाहतुकीला खुली झाली. लाकसेल्व आणि किर्केनेसचे तळ मात्र त्याआधीचे, दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानदलाने वापरलेले. त्याच जर्मन सैन्याने १९४४ मध्ये माघार घेताना फिनमार्कमधली घरं, धक्के, शाळा, चर्च जवळपास सगळं जाळलं आणि लोकांना जबरदस्तीने दक्षिणेला हलवलं. युद्ध संपल्यावर सरकारचा विचार लोकांनी सावकाश, टप्प्याटप्प्याने परतावं असा होता. लोक थांबले नाहीत. राखेत येऊन राहिले. इथे प्रत्येक वस्तीला विमानतळ का मागितला जातो आणि तो बंद करण्याची गोष्ट निघाली की माणसं का पेटून उठतात, हे त्याशिवाय कळत नाही असं माझं मत आहे.

उरलेले आठ विमानतळ छोटे. त्यांची गोष्ट फिनमार्कच्या बरीच खाली, दक्षिणेला सुरू होते. १९६८ मध्ये नामसोस, ब्रॉन्नॉयसुंड, सांदनेसशोएन आणि मो इ राना अशा चार ठिकाणी फक्त आठशे मीटरच्या धावपट्ट्या बांधल्या. त्याआधी किनाऱ्यावर पाण्यावर उतरणारी विमानं होती, म्हणजे उजेड आणि समुद्र दोन्ही मनासारखे असतील तरच प्रवास. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्यच उगवत नाही अशा प्रदेशात त्याचा कितपत उपयोग? आठशे मीटरची पट्टी कमी पैशांत होते, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतही बसते, आणि तेव्हाच्या एकोणीस आसनी ट्विन ऑटर विमानाला तेवढी पुरायची. सत्तरच्या दशकात हेच जाळं लोफोटेन आणि फिनमार्कपर्यंत पसरलं.

ही विमानं मुख्यतः विडेरो नावाची कंपनी चालवते. स्थापना १९३४, मुख्यालय बोडो. ट्विन ऑटरनंतर डॅश ७ आली आणि नव्वदच्या दशकापासून ३९ आसनी डॅश ८-१००. ट्रोम्सोहून निघालेलं विमान हामरफेस्ट, होनिंग्सवोग, मेहाम्न असं थांबत थांबत पूर्वेला जातं. एखादा टप्पा पंधरा मिनिटांचासुद्धा असतो: वाड्सोहून उडालं, वारांगर फ्योर्ड ओलांडला, किर्केनेस आलं. एका थांब्यावर चार जण उतरतात, सहा चढतात. त्यात शाळेची फुटबॉल टीम असते, मासळीच्या कारखान्यात काम करणारे लिथुएनियन असतात, न्यायालयात निघालेला वकील असतो, आणि दवाखान्याची फाइल मांडीवर घेतलेले आजी-आजोबा तर नेहमीच असतात. आपल्या ‘गाव तिथे एसटी’चीच ही आवृत्ती, फक्त पंखांची.

हे जाळं आता एका मोठ्या पेचात आहे. आठशे मीटरवर उतरणारं या आकाराचं नवं विमान आज जगात कोणीच बनवत नाही. त्यावर पुढे सविस्तर लिहितो. कोणाला या भागाचा अनुभव असेल तर जरूर लिहा.

---

पार्लेकर_मनोहर

फार छान माहिती. एक बाळबोध प्रश्न. चार उतरले, सहा चढले, यात पेट्रोलचा तरी खर्च निघतो का? कंपनी कशाच्या जोरावर चालवते?

---

उत्तरवारा

मनोहरराव, प्रश्न बाळबोध नाही, सगळं त्यावरच उभं आहे. तिकिटातून खर्च निघत नाही, आणि निघावा अशी अपेक्षाही कोणी ठेवलेली नाही.

परिवहन मंत्रालय प्रत्येक मार्गासाठी निविदा काढतं. दिवसाला किती फेऱ्या, किती आसनं, सकाळी किती वाजेपर्यंत पोहोचवायचं, संध्याकाळी परत कधी आणायचं, तिकीट जास्तीत जास्त कितीचं, हे सगळं सरकार ठरवतं. कंपन्यांनी फक्त एवढंच सांगायचं की हे सांभाळायला वर्षाला किती रक्कम लागेल. जो कमी मागेल त्याला तो मार्ग काही वर्षांसाठी मिळतो आणि तेवढा काळ त्यावर दुसरा कोणी येत नाही. ही निविदा पद्धत १९९७ पासून आहे. त्याआधीही सरकार पैसे देतच होतं, फक्त वेगळ्या रीतीने. २०२४ मध्ये या मार्गांवरचं कमाल भाडं निम्म्यावर आणलं.

विमानतळांचा हिशेब वेगळा. ते अविनोर ही सरकारी कंपनी चालवते. ऑस्लो आणि आणखी दोन-चार मोठे विमानतळ नफ्यात, बाकी जवळपास सगळे तोट्यात. मोठ्यांच्या नफ्यातून छोटे चालतात. ऑस्लोच्या ड्यूटी-फ्रीमध्ये कोणी बाटली घेतली की त्यातला थोडा पैसा मेहाम्नच्या धावपट्टीवरचा बर्फ काढायला जातो. मला ही व्यवस्था अतिशय न्याय्य वाटते.

---

वर्षा_ट

मी तीन वर्षं फिनमार्कमध्ये डॉक्टर म्हणून काम केलंय, म्हणून राहवलं नाही.

धाग्यात आजी-आजोबांचा उल्लेख आलाय, तो अजून ठळक करते. फिनमार्कमध्ये मोठी रुग्णालयं दोन, हामरफेस्ट आणि किर्केनेस. हृदयाची, मेंदूची, कर्करोगाची गुंतागुंतीची कामं ट्रोम्सोच्या विद्यापीठ रुग्णालयात. बेर्लेवोगच्या माणसाला हृदयरोगतज्ज्ञाकडे दहा मिनिटं बोलायचं असेल तर विमान. डायलिसिस बदललं, विमान. गर्भारपणात काही वेगळं दिसलं, विमान. तिकीट रुग्णप्रवासाच्या सरकारी योजनेतून निघतं, रुग्णाला थोडीशी रक्कम भरावी लागते. म्हणजे आरोग्यासाठीच्या सरकारी पैशातली बरीच रक्कम याच डॅश ८ च्या तिकिटांवर जाते.

अत्यवस्थ रुग्णांसाठी वेगळी रुग्णवाहिका-विमानं आहेत, त्यांचे तळ आल्टा आणि किर्केनेसला. त्या वैमानिकांबद्दल मला अपार आदर आहे. पण रोजचं, न गाजणारं काम प्रवासी विमानच करतं. मला आठवतं, एका बाईंच्या तपासणीची तारीख वादळामुळे लागोपाठ हुकत गेली. शेवटी त्यांनी होनिंग्सवोगहून किनाऱ्याची बोट धरली. त्या मला म्हणाल्या, ‘माझी आजी अशीच जायची.’ त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण तपासणी उशिरा झाली ही माझ्या दृष्टीने गंभीर गोष्ट होती.

---

पार्लेकर_मनोहर

वर्षाताई, किनाऱ्याची बोट म्हणजे हुर्तिग्रुतेनच ना? पर्यटकांची?

---

वर्षा_ट

हो. १८९३ पासून चालू आहे, आता बर्गेन ते किर्केनेस ३४ बंदरं घेते. पर्यटक असतातच, पण स्थानिक लोक आणि माल आजही त्यातून जातो. २०२१ पासून दोन कंपन्या मिळून ही सेवा चालवतात, आणि तिलाही सरकारी कंत्राटातूनच पैसे मिळतात.

---

धावपट्टी_पुणे

उभा जन्म विमानतळांच्या बांधकामात गेला, त्यामुळे आठशे मीटरवर चार शब्द.

धावपट्टीची लांबी ठरवताना ‘विमान उतरेल का’ एवढंच बघून भागत नाही. उड्डाणाच्या ऐन मोक्याला एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या पट्टीत थांबता आलं पाहिजे, नाहीतर उरलेल्या एका इंजिनावर उडून समोरचा डोंगर चुकवता आला पाहिजे. त्यात पट्टीवर बर्फ असला तर ब्रेक नीट धरत नाहीत, म्हणजे थांबायला आणखी अंतर लागतं. हे सगळं आठशे मीटरमध्ये बसवायचं तर पंख मोठा, वेग कमी आणि पंखे ताकदवान हवेत. डॅश ८-१०० हे नेमकं अशा कामाचं विमान. पुढच्या काळात जगभर कंपन्यांना जास्त आसनं आणि जास्त वेग हवा होता, त्यामुळे विमानं लांबट होत गेली आणि छोटं मॉडेल बनवणं थांबलं.

आशा होती ती एटीआर ४२-६००एस या विमानाची. आठशे मीटरवर चाळीसेक प्रवासी उतरवणारं मॉडेल म्हणून कंपनीने ते २०१९ मध्ये जाहीर केलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रकल्प गुंडाळला. जगात एवढ्या आखूड पट्ट्यांवर एवढी माणसं नेणारे मार्ग मोजकेच, तेवढ्यासाठी विमान विकसित करणं परवडत नाही, असं गणित.

---

उत्तरवारा

धावपट्टीकाका, मनापासून आभार. मी अर्धं लिहून ठेवलेलं तुम्ही जास्त नीट सांगितलंत.

पुढचं जोडतो. डॅश ८-१०० मुळात ऐंशी हजार उड्डाणांसाठी बनवलेलं होतं. उत्पादक कंपनीने तपासण्या आणि भागबदलाचा कार्यक्रम आखून ती मर्यादा एक लाख वीस हजारांवर नेली. दिवसाला आठ-दहा वेळा चढ-उतार करणाऱ्या विमानाची उड्डाणं भराभर संपतात, म्हणून हे आयुष्य मोजूनमापून वापरावं लागतं. विजेवर चालणाऱ्या विमानाचाही प्रयत्न झाला. २०२१ मध्ये विडेरो, रोल्स-रॉइस आणि इटलीची टेकनाम यांनी नऊ आसनी विद्युत विमान २०२६ पर्यंत आणायचं जाहीर केलं होतं. २०२३ मध्ये टेकनामने काम थांबवलं: बॅटरी लवकर झिजणार, वारंवार बदलावी लागणार, आणि खर्चाचा मेळ बसेना. देशांतर्गत विमानवाहतूक २०४० पर्यंत विजेवर आणायचं उद्दिष्ट नॉर्वेत ठेवलं गेलं. पण बेर्लेवोगच्या माणसाला तोपर्यंतची वर्षंही काढायची आहेत.

गंमत पाहा, हीच विडेरो २०१८ मध्ये एम्ब्राएरचं ई१९०-ई२ हे अगदी नवं जेट प्रवासी सेवेत आणणारी जगातली पहिली कंपनी ठरली. लांब पट्टीसाठी नवं विमान सहज मिळतं. २०२४ पासून विडेरो नॉर्वेजियन या मोठ्या कंपनीच्या मालकीची आहे, त्यामुळे छोट्या मार्गांत तिची गुंतवणूक टिकेल का, ही चर्चा इथे सारखी चालू असते.

---

हिशेबी

माहिती उत्तम, पण विरोधी मत मांडतो. पंचाहत्तर हजारांना अकरा विमानतळ ही चैन आहे. आखूड पट्ट्यांना विमान मिळत नसेल तर सरळ तीन-चार मोठे विमानतळ ठेवा, बाकीच्यांना चांगले रस्ते द्या. वाचलेल्या पैशात रस्ते वर्षभर उघडे राहतील.

---

उत्तरवारा

हिशेबी, तुमचं मत इथेही अनेक जण मांडतात आणि ते टाकाऊ नाही. फिनमार्कच्या दक्षिणेला नार्विक शहरात तसंच झालं. तिथला छोटा विमानतळ २०१७ मध्ये बंद केला आणि २०१८ च्या अखेरीस हालोगालांद पूल खुला झाला, त्यामुळे एवेनेसचा मोठा विमानतळ जवळ आला. तिथे ते पटण्यासारखं होतं, कारण पर्याय खरोखर उभा केला. मो इ रानालाही जुन्या आखूड पट्टीच्या जागी लांब पट्टीचा नवा विमानतळ बांधला जातोय. हामरफेस्टमध्ये नव्या जागेची मागणी कितीतरी वर्षांची आहे, कारण सध्याची पट्टी डोंगराळ जागेत अडकलेली आहे, आणि समोर मेल्कोया बेटावर नैसर्गिक वायूचा प्रचंड प्रकल्प आहे.

पण हे सूत्र पूर्व फिनमार्कला लावून पाहा. बेर्लेवोग, बोट्सफ्योर्ड, मेहाम्न ही गावं द्वीपकल्पांच्या टोकांना आहेत. रस्ता उघड्या पठारावरून जातो. हिवाळ्यात तिथे गाड्यांचा तांडा करून पुढे बर्फ काढणारं यंत्र चालतं आणि मागून सगळे जातात. वारा वाढला की तेही बंद. ज्या दिवशी रस्ता बंद, त्या दिवशी बऱ्याचदा विमानही बंद असतं हे मी मान्य करतो. पण वारा पडला की विमान तासाभरात सुरू होतं.

---

वर्षा_ट

हिशेबी, रस्त्याने चार-पाच तास नेलेला रुग्ण आणि विमानाने चाळीस मिनिटांत आणलेला रुग्ण यांत काय फरक असतो ते मी खाटेच्या शेजारी उभी राहून पाहिलंय. शिवाय विमानतळ बंद झाला की रुग्णवाहिका-विमानही उतरणार कुठे? बर्फ काढणारी माणसं, दिवे, अग्निशमन हे सगळं प्रवासी विमानासाठी ठेवलेलं असतं, म्हणूनच रात्री दोनला रुग्णासाठी ते हाताशी असतं.

---

हिशेबी

वर्षाताई, रुग्णवाहिका-विमानाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तो पटला. खर्चाबद्दलचं मत मात्र कायम.

---

दर्यावर्दी_मालवण

हे वाचताना जीव तुटतो. आमच्या चिपीला ९ ऑक्टोबर २०२१ रोजी विमानतळ सुरू झाला तेव्हा गावागावातून माणसं बघायला गेली होती. मुंबईचं विमान उडान योजनेतलं. तीन वर्षांची अनुदानाची मुदत २०२४ मध्ये संपली आणि ती मुंबई सेवा बंद पडली. नॉर्वेत मुदत संपल्यावर काय करतात?

---

उत्तरवारा

दर्यावर्दी, हा प्रश्न आलाच पाहिजे होता. तिथे मुदत संपण्याच्या आधी पुढची निविदा निघते. कंपनी बदलली तरी मार्ग बदलत नाही. उडान योजनेत व्यवहार्यता निधी (म्हणजे तोटा भरून काढणारं अनुदान) तीन वर्षांचा, म्हणजे तेवढ्यात मार्गाने स्वतःच्या पायावर उभं राहावं ही कल्पना. मुंबई-चिपीसारखा मार्ग कदाचित तसा उभा राहीलही, कारण कोकणात माणसं आहेत, चाकरमानी आहेत, पर्यटन आहे. फिनमार्कमध्ये मात्र १९९७ पासून सरकारने असं कधी धरलंच नाही की वार्डोचा मार्ग एक दिवस नफ्यात येईल. रस्त्यावरचं डांबर जसं दर काही वर्षांनी घालायचंच असतं, तसाच हा खर्च तिथे धरलेला आहे. माझ्या मते आपल्याकडे लडाख, अरुणाचल, लक्षद्वीप, अंदमान यांच्यासाठी तरी असा कायमचा खर्च धरायला हवा. उरलेल्या ठिकाणी तीन वर्षांची परीक्षा घ्या, माझी हरकत नाही.

---

मांडवी_काठ

गोव्याहून लिहितेय. आमच्या वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंड इथलं ‘हिमाद्री’ हे भारताचं संशोधन केंद्र तेच चालवतं, २००८ पासून. डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा भारतीय शास्त्रज्ञ तिथे हिवाळ्यातही गेले. तर तिथे जायचं कसं? ट्रोम्सो किंवा ऑस्लोहून लाँगयरब्येन हे स्वालबार्डचं मुख्य गाव, आणि तिथून पुढे छोटं विमान. लाँगयरब्येनचा विमानतळ १९७५ चा, कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेला. तापमान वाढतंय, खालची जमीन सैल होतेय, धावपट्टीला उंचवटे येतात आणि पुन्हा पुन्हा दुरुस्ती करावी लागते. पुढच्या टप्प्यावर वर्षानुवर्षे डॉर्नियर २२८ उडत आलंय, आणि हे विमान आपल्या एचएएलच्या कानपूरच्या कारखान्यातही बनतं. अरुणाचलच्या पासीघाटला २०२२ मध्ये तेच सुरू झालं.

---

धावपट्टी_पुणे

वा! डॉर्नियरला आखूड पट्टी चालते, पण आसनं एकोणीसच. फिनमार्कच्या एका फेरीला ती कमी पडतील, म्हणजे फेऱ्या दुप्पट, वैमानिक दुप्पट. तरी टोकाच्या दोन-तीन गावांसाठी याचा विचार करता येईल.

एक विचारतो, सुरक्षिततेचं काय? अशा वाऱ्यात अपघात झाले असणार.

---

उत्तरवारा

झालेत, आणि ते इथे कोणी विसरलेलं नाही. १९८२ मध्ये मेहाम्नजवळ ट्विन ऑटर समुद्रात कोसळलं, १५ जण गेले. १९८८ मध्ये ब्रॉन्नॉयसुंडला उतरणारी डॅश ७ तोर्गहातेन डोंगरावर आदळली, ३६ जण गेले. १९९० मध्ये वेरॉय बेटावरून उडालेलं विमान वाऱ्याच्या भोवऱ्यात सापडलं, पाच जण गेले. तो विमानतळ १९८६ मध्येच बांधलेला होता, तो कायमचा बंद केला. आज बोडो ते वेरॉय नियमित हेलिकॉप्टर जातं, तेही सरकारी निविदेवर. १९९३ मध्ये नामसोसजवळ सहा जण गेले. त्यानंतर विडेरोच्या विमानात एकाही प्रवाशाचा अपघाती मृत्यू झालेला नाही. हा बदल आपोआप झालेला नाही. वैमानिकांचं प्रशिक्षण, वाऱ्याच्या मर्यादा, उतरण्याची उपकरणं, सगळं बदललं. छोट्या विमानतळांना उपग्रहाच्या मदतीने उतरण्याची व्यवस्था २००७ पासून बसवायला सुरुवात झाली.

अलीकडची अडचण वेगळी आहे. रशियाच्या सीमेलगत जीपीएसचे संकेत बिघडवले जातात. २०२२ नंतर पूर्व फिनमार्कच्या आकाशात हे जवळपास रोजचं झालंय. वैमानिक जमिनीवरच्या रेडिओ यंत्रणेवर जातात. ती जुनी यंत्रणा काढून टाकायची घाई करू नये, हे त्यातून सगळ्यांना पटलंय.

आणखी एक. बेर्लेवोग, वार्डो, हासविक यांच्या मनोऱ्यांतला माणूस आता तिथे बसत नाही. कॅमेऱ्यांवरून बोडोतल्या एका खोलीतून काम चालतं. सुरुवात २०१९ मध्ये रॉस्ट बेटापासून झाली. खर्च वाचतो हे खरं, पण ज्या गावात चारशे-पाचशे जण राहतात तिथून दोन-तीन पक्क्या नोकऱ्या गेल्या, याचं मला वाईट वाटतं.

---

भटकंती_नाशिक

फेब्रुवारीत आम्ही चौघे ट्रोम्सोला येतोय. ही थांबत जाणारी विमानं पर्यटकांना घेता येतात का? उत्तर टोकाचा नॉर्डकॅपचा कडा बघायचाय.

---

उत्तरवारा

जरूर घ्या. नॉर्डकॅपसाठी होनिंग्सवोगला उतरा. काही गोष्टी लक्षात ठेवा. परतीच्या मोठ्या विमानाआधी निदान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, वादळात फेऱ्या रद्द होणं फेब्रुवारीत नित्याचंच. ट्रोम्सो आणि त्यापुढचा प्रवास एकाच तिकिटावर काढा, म्हणजे जोडविमान चुकलं तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची. पूर्वेला जाताना डावीकडे समुद्र दिसतो आणि उजवीकडे पठार, मी डावी खिडकी घेतो. होनिंग्सवोगहून नॉर्डकॅपचा शेवटचा रस्ता हिवाळ्यात तांड्यानेच जातो, त्याच्या ठरलेल्या वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवा.

आणि आदल्या दिवसांत फेऱ्या रद्द झालेल्या असतील तर पुढच्या विमानांत दवाखान्यात निघालेली माणसं ताटकळलेली असतात. अशा वेळी तुमची तारीख पुढे-मागे करता येत असेल तर काउंटरवर तसं आवर्जून सांगा.

---

भटकंती_नाशिक

नक्की सांगू. एक दिवस मोकळा ठेवूनच तिकिटं काढतो.